मराठवाड्यात टीव्हीवरचा प्रचार : जाहिरातीचा पैसा कुठे लावायचा आणि कुठे नाही

उमेदवारी पक्की झाल्याची बातमी फुटली की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. मुंबईहून वाहिनीचा सेल्सवाला, पुण्याहून एजन्सी, तालुक्याच्या गावातून केबलवाला. प्रत्येकाकडे पॅकेज तयार असते आणि ते आजच बुक करायचे असते. कार्यालयात ज्याला कॉम्प्युटर बरा येतो त्याला साहेब सांगतात, ‘मीडियाचं तू बघ.’ हा लेख त्या माणसासाठी आहे. मी मराठवाड्यात हे काम केले आहे आणि दर निवडणुकीला नवी पोरे त्याच त्या ठिकाणी अडखळताना बघितली आहेत. पैसा बहुतेक वेळा लोकांच्या वर्गणीचा आणि कार्यकर्त्यांच्या पदरचा असतो. तो नको तिथे गेला की मला मनापासून वाईट वाटते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. दरपत्रक सगळ्यात शेवटी उघडायचे. त्याआधी हा खर्च कोणाच्या हिशेबात जाणार, कोणत्या गावातली मते अजून हलू शकतात आणि त्या घरांत टीव्ही कशावर दिसतो, हे कागदावर यायला हवे. या तिन्हीची उत्तरे हातात असली की दराची घासाघीस अर्ध्या तासाचे काम उरते.

१. खर्च उमेदवाराचा की पक्षाचा, ते आधी ठरवा

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. हे आकडे जानेवारी २०२२ मध्ये ठरलेले आहेत. तुमच्या निवडणुकीच्या वेळी आयोगाचा चालू आदेश बघून घ्या. नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात.

पक्षाच्या खर्चाला अशी वरची मर्यादा नाही. जाहिरातीत पक्षाचे चिन्ह, नेता आणि कार्यक्रम एवढेच असेल तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार धरला जातो. त्यात उमेदवाराचे नाव किंवा फोटो आला की खर्च उमेदवाराच्या नावावर चढतो. चार उमेदवारांचे फोटो असतील तर चौघांत वाटला जातो. म्हणून राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीवर आपल्या उमेदवाराचा चेहरा टाकण्याचा आग्रह कोणी धरला, तर हा खर्च कोणाच्या नोंदवहीत जाणार हे तिथल्या तिथे विचारा.

या पायरीवर तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिले म्हणजे गुन्ह्यांची जाहिरात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर, ज्या उमेदवारावर फौजदारी खटले आहेत त्याला त्यांची माहिती वृत्तपत्रात आणि टीव्हीवर तीनदा द्यावी लागते : अर्ज मागे घेण्याच्या मुदतीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. आंदोलनातले गुन्हेसुद्धा यात येतात, आणि आपल्याकडे रास्ता रोकोची एखादी केस नाही असा उमेदवार शोधावा लागतो. हा खर्च उमेदवाराच्याच खात्यात पडतो. अंदाजपत्रकाची पहिली ओळ ह्याची लिहा.

दुसरे म्हणजे घरचे केबल. केबल नेटवर्क आपल्याच भावकीतल्या माणसाचे आहे, तो एक रुपया घेणार नाही, असे बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळते. वाहिनी उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या मालकीची असली तरी तिच्या नेहमीच्या दराने खर्च धरला जातो. दुसऱ्या कोणी मोफत दाखवले तर तेही उमेदवाराच्या बाजूने झालेला खर्च म्हणून मोजले जाते.

तिसरे म्हणजे हितचिंतक. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय कोणी परस्पर त्याच्या प्रचाराची जाहिरात दिली तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा होतो. ‘अण्णा, तुम्हाला सांगितलं नाही, सरप्राइज दिलं’ हा उत्साह वेळीच थांबवा.

२. बूथनिहाय निकाल घेऊन बसा

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो. कोणत्या मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली, ते त्यात केंद्रवार असते. मागची विधानसभा आणि मागची लोकसभा असे दोन फॉर्म शेजारी ठेवा. केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांत बदललेले असतात, तेव्हा क्रमांक जुळवू नका. गावाचे आणि शाळेचे नाव जुळवा. हे काम किचकट आहे, पण सगळी मदार ह्याच्यावर आहे. गावोगावचा एकेक जुना कार्यकर्ता सोबत बसवला तर लवकर होते. कोणती वस्ती कोणत्या केंद्रात तुटली आहे हे त्याला तोंडपाठ असते.

आता केंद्रांचे तीन गठ्ठे करा. दोन्ही वेळा आपण मोठ्या फरकाने पुढे होतो ती, दोन्ही वेळा सपाटून मागे होतो ती, आणि फरक थोडा होता किंवा एका निवडणुकीत इकडे आणि दुसरीत तिकडे गेलेली. टीव्हीचा पैसा तिसऱ्या गठ्ठ्यासाठी आहे. पहिल्या गठ्ठ्यात मतदानच कमी झाले असेल तर तो यादीप्रमुखाचा आणि घरोघर फिरण्याचा विषय आहे. जाहिरात बघून कोणी उन्हात रांगेला उभे राहत नाही.

पक्षाच्या पातळीवर बसला असाल तर हाच हिशेब मतदारसंघांचा करा. मराठवाड्यात ८ जिल्हे, लोकसभेच्या ८ आणि विधानसभेच्या ४६ जागा. २०२४ ला बीडची लोकसभा ६,५५३ मतांनी ठरली. त्याच निवडणुकीत उस्मानाबादची जागा ३ लाख २९ हजारांवर मतांच्या फरकाने गेली. २०१९ ला औरंगाबादची लोकसभा ४,४९२ मतांनी फिरली आणि २०२४ च्या विधानसभेत औरंगाबाद पूर्वचा फरक २,१६१ होता. बीडमध्ये आणि उस्मानाबादमध्ये सारखाच पैसा लावा असे कोणी म्हणत असेल, तर त्याला हे आकडे दाखवा. मागचा फरक म्हणजे पुढच्याचे भाकीत नव्हे. उमेदवार बदलतो, युती बदलते, आंदोलनांची हवा बदलते. तरी सुरुवात करायला यापेक्षा भरवशाचे दुसरे काही नाही.

हा विचार अमेरिकेत फार पुढे गेलेला आहे. तिथे अध्यक्षपद राज्याराज्यांच्या निकालावर ठरते, म्हणून २०२४ ला दोन्ही बाजूंचे लक्ष पेन्सिल्व्हेनिया, जॉर्जिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, अ‍ॅरिझोना, नेवाडा आणि नॉर्थ कॅरोलिना या सात राज्यांवर होते. निकाल ठरलेलाच असलेल्या राज्यांत टीव्हीवर खर्च करायला कोणी धजत नाही, मग ते राज्य कॅलिफोर्नियाएवढे मोठे का असेना.

३. कोणत्या गावात टीव्ही कशावर दिसतो, ते फिरून लिहून आणा

ही पायरी लोक सरसकट गाळतात. मुंबईत बसून केलेल्या आराखड्यात ती नसतेच. तिथून उंटावरून शेळ्या हाकल्या जातात.

मतदारसंघाची हद्द आणि केबलची हद्द यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हिंगोली लोकसभेत नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि हदगाव आहेत, शिवाय विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्याचे उमरखेड आहे. उस्मानाबाद लोकसभेत लातूरचे औसा आणि सोलापूर जिल्ह्यातले बार्शी येते. लातूर लोकसभेत नांदेडचे लोहा आहे. परभणीत जालन्याचे परतूर आणि घनसावंगी, तर जालन्यात सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण. हिंगोली शहरातल्या केबलवर जाहिरात दिली म्हणजे उमरखेडला दिसेल, असे धरून चालू नका.

अमेरिकेतही ही अडचण आहे. तिथे टीव्हीच्या दृष्टीने देशाचे २१० बाजारभाग पाडलेले आहेत आणि न्यू हॅम्पशायरचा बराच भाग बोस्टनच्या बाजारभागात मोडतो. त्या छोट्या राज्यातल्या मतदारासाठी बोस्टनच्या वाहिनीचा दर मोजावा लागतो आणि जाहिरात बघणारे बहुतेक लोक शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधले असतात. पैसे सगळ्यांचे भरायचे, मते थोड्यांचीच कामाची. आपल्याकडे राज्यभर दिसणारी मराठी वाहिनी विधानसभेच्या एका उमेदवारासाठी याहून महाग पडते, कारण २८८ मतदारसंघांतला एकच आपला असतो.

तिसऱ्या गठ्ठ्यातल्या गावांची यादी घेऊन दोन-तीन पोरे मोटारसायकलवर पाठवा. प्रत्येक गावात एवढेच लिहून आणायचे :

- गावात केबलची वायर येते का, कोणाची येते, त्याचे मुख्य केंद्र कुठे आहे
- छपरांवर डीटीएचच्या छत्र्या जास्त की केबल जास्त
- महिन्याचे पैसे न लागणारी डीडी फ्री डिश किती घरांवर आहे
- संध्याकाळी कोणत्या वाहिन्या लागतात, हे निदान पाच घरांत विचारून
- वीज संध्याकाळी किती वाजता जाते आणि कधी येते
- तरुण पोरे टीव्ही बघतात की मोबाईलच

छत्र्या मोजायला वेळ लागत नाही, पाण्याच्या टाकीवर उभे राहिले की सगळा गाव दिसतो. फ्री डिशवर कोणत्या मराठी वाहिन्या आहेत हे प्रसार भारतीच्या लिलावानुसार बदलत राहते, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता एखाद्या घरात बसून रिमोट हातात घ्या. सीमेवरच्या गावांत आणखी एक गोष्ट बघा : धर्माबाद, देगलूर, किनवटच्या बाजूला काही घरांत तेलुगू वाहिन्या लागतात, उमरग्याच्या बाजूला कन्नड. तिथे मराठी बातम्यांच्या वाहिनीवरचा पैसा अर्धा वाया जातो.

केबलच्या मुख्य केंद्रात उमेदवाराच्या माणसाने स्वतः एकदा जावे. तालुक्याच्या गावात हे केंद्र बहुधा दुकानाच्या वरच्या मजल्यावरची एक खोली असते. एका भिंतीला रॅकमध्ये पेट्या, कोपऱ्यात एसी आणि एका टेबलावर कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर एक पोरगा स्थानिक वाहिनीची यादी लावतो : सकाळी देवाची गाणी, दुपारी जुना चित्रपट, संध्याकाळी तालुक्याच्या बातम्या, मध्ये सराफाची आणि कोचिंग क्लासची जाहिरात. तुमची जाहिरात तोच लावणार असतो. त्याच्याकडून तीन गोष्टी काढून घ्या : चालू कनेक्शन किती (एकूण दिलेले किती, हे सांगू नका म्हणावे), ते कोणकोणत्या गल्ल्यांत आणि गावांत, आणि तालुक्याच्या बातम्या नेमक्या किती वाजता. चालू कनेक्शनचा आकडा तोंडी घेऊ नका. गल्लीवार वसुलीची वही असते. ती बघू दिली तर त्या माणसावर विश्वास टाकायला हरकत नाही.

केबल घटले आहे, हे मान्यच करावे लागते. तरीही तालुक्याच्या बातम्या बघणारा माणूस मतदारसंघातलाच असतो, एवढ्यासाठी मी नव्या उमेदवाराला पहिला पैसा तिथे लावायला सांगतो. ज्या गावांत वायर पोचतच नाही आणि मोबाईल भरपूर आहे तिथे यूट्यूबचा विचार करा. त्यावर पिनकोडनुसार भाग निवडता येतो. पिनकोड मात्र डाकघराच्या हद्दीने चालतो, मतदारसंघाच्या नव्हे, तेव्हा तिसऱ्या गठ्ठ्यातल्या गावांचे पिनकोड यादीत वेगळे लिहून ठेवा.

४. घरटी खर्च काढा

एजन्सी तुम्हाला टीआरपी आणि जीआरपी सांगेल. जीआरपी म्हणजे शंभरातल्या किती जणांनी जाहिरात बघितली, गुणिले सरासरी किती वेळा. २० जणांनी तीनदा बघितली तर ६०. सहा जणांनी दहादा बघितली तरी ६०, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून नुसता ६० ऐकून मान डोलावू नका, किती लोक आणि किती वेळा हे वेगळे करून मागा.

टीआरपीचे आकडे बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर लावून काढते. मार्च २०२२ पासून बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे चार आठवड्यांच्या सरासरीने दिले जाऊ लागले. ते महाराष्ट्र-गोवा अशा मोठ्या बाजाराचे असतात. गेवराई किंवा निलंगा मतदारसंघाचा वेगळा टीआरपी त्यातून निघत नाही. ‘तुमच्या तालुक्यात आम्ही एक नंबर’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर कशाच्या आधारावर, ते लेखी मागा.

आता गणित बघा. खालचे सगळे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे त्या जागी घाला. टीव्हीचा दर नेहमी १० सेकंदांचा असतो, हे विसरू नका.

समजा राज्यस्तरीय वाहिनीचा दर १० सेकंदांना ३,००० रुपये. जाहिरात २० सेकंदांची, दिवसाला ६ वेळा, १० दिवस. म्हणजे ६० वेळा ६,००० रुपये, एकूण ३ लाख ६० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,२४,८००. विधानसभेच्या मर्यादेचा दहावा हिस्सा इथेच संपला. मतदारसंघात ८०,००० घरे आणि त्यातल्या दहा टक्के घरांनी ती बघितली तर ८,००० घरे. घरटी ५३ रुपये.

समजा केबलवाल्याने १० दिवसांचे ३०,००० मागितले. जीएसटीसह ३५,४००. चालू कनेक्शन ८,०००, त्यातली निम्मी घरे स्थानिक वाहिनी लावतात, म्हणजे ४,०००. घरटी ९ रुपयांच्या आत.

इथे थांबू नका, खरी पायरी पुढची आहे. त्या घरांतली तिसऱ्या गठ्ठ्यातली किती? वाहिनी सगळीकडे सारखीच दिसते, समजा एक तृतीयांश, तर हलू शकणाऱ्या घरामागे खर्च दीडशेच्या पुढे जातो. केबलच्या ४,००० घरांतली २,५०० तिसऱ्या गठ्ठ्यातली असतील तर तो १४ रुपये येतो. उलट केबल सगळे आपल्याच बालेकिल्ल्यात असेल तर स्वस्त दिसणारे केबलही फुकट जाते. असे खरोखर घडते, म्हणून तर दुसरी पायरी आधी सांगितली.

हाच हिशेब पक्षाच्या बाजूने करा. तीच ४,२४,८०० रुपयांची जाहिरात, पण मराठवाड्यातल्या ४६ मतदारसंघांत प्रत्येकी ८,००० घरांनी बघितली तर ३,६८,००० घरे होतात आणि घरटी खर्च सव्वा रुपयाच्याही खाली येतो. म्हणून राज्यस्तरीय वाहिनी पक्षाने घ्यावी आणि उमेदवाराने आपला पैसा केबल, पिनकोड आणि गाड्यांसाठी राखावा. हे माझे ठाम मत आहे. पक्षाची जाहिरात ज्या आठवड्यात सुरू होते त्याच आठवड्यात आपली केबलवरची सुरू केली की एक दुसरीला जोर देते, त्यामुळे पक्ष कार्यालयाकडून तारखा विचारून घ्या.

५. दिवस आणि वेळ

वाहिन्या स्वस्त पॅकेज विकतात त्यात बऱ्याचदा जाहिरात दिवसभरात केव्हाही दाखवायची मुभा त्यांना असते. मग ती दुपारी दोनला आणि रात्री एकला लागते. नोव्हेंबरात दुपारी दोनला आपला मतदार कापूस वेचत असतो किंवा सोयाबीनच्या मळणीवर असतो. वेळेचा पट्टा लेखी ठरवून घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

गावात घरटी टीव्ही लागतो तो दिवेलागणीनंतर. पुढच्या खोलीत मालिका चालू असते, आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो आणि बाई मालिका बघत नाही, ऐकत असते. जाहिरातीत नुसते संगीत आणि दृश्ये असली तर तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. उमेदवाराचे नाव, गाव आणि चिन्ह आवाजात आले पाहिजे, तेही दोनदा. संध्याकाळच्या मालिकांच्या वेळी दर सर्वात चढे असतात. ते परवडत नसेल तर सकाळी सात ते नऊचा बातम्यांचा पट्टा बघा. शेतावर निघायच्या आधी चहासोबत बातम्या लागतात.

बीड, धाराशिव, जालना या भागांत ऊसतोडीला जाणारी घरे वेगळी मोजा. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की घराला कुलूप असते आणि म्हातारी माणसे मागे राहतात. मतदान त्या काळात असेल तर अशा तांड्यावस्त्यांसाठीचा टीव्हीचा पैसा काढून फोनवरच्या संपर्कावर लावा.

प्रचारबंदी काटेकोर पाळा. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास टीव्हीवर प्रचाराची जाहिरात चालत नाही. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाला संध्याकाळी सहाची वेळ होती, म्हणजे १८ तारखेच्या सहाला सगळे बंद. वाहिन्या हे स्वतःच पाळतात. धोका केबलच्या त्या कॉम्प्युटरवरच्या यादीत असतो. फाईल काढायची राहून जाते आणि गुन्हा मात्र दाखल होतो. शेवटच्या संध्याकाळी पाच वाजता आपला माणूस तिथे बसवा.

लोकसभेला टप्प्यांचाही विचार लागतो. २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणीचे मतदान २६ एप्रिलला झाले, लातूर आणि उस्मानाबादचे ७ मेला, जालना, औरंगाबाद, बीडचे १३ मेला. परभणीची प्रचारबंदी चालू असताना राज्यस्तरीय वाहिनीवर बीडचा प्रचार सुरू असू शकतो, पण त्यात परभणीच्या उमेदवारासाठी आवाहन नको. जाहिरातींच्या प्रती टप्पानिहाय वेगळ्या करा.

६. प्रमाणपत्राशिवाय काहीही दाखवायचे नाही

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानुसार टीव्हीवरची प्रत्येक राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. उमेदवारासाठी जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती, पक्षासाठी राज्याची. सगळे तिला एमसीएमसी म्हणतात. केबल, आकाशवाणी, एफएम, चित्रपटगृह, समाजमाध्यमांवरची जाहिरात, मोबाईलवरचे घाऊक संदेश आणि आवाजी कॉल, सगळे यात येते. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी.

सोबत लागणारी कागदपत्रे :

- ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, उमेदवाराच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीच्या सहीने
- जाहिरातीच्या दोन प्रती, पेनड्राइव्ह किंवा सीडीवर
- संहितेचा शब्दशः, साक्षांकित मजकूर
- निर्मितीचा खर्च
- प्रसारणाचा अंदाजे खर्च : वाहिनी, किती वेळा, प्रत्येक वेळचा दर
- जाहिरात उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या फायद्यासाठी आहे की नाही, याचे निवेदन
- पैसे धनादेशाने किंवा धनाकर्षानेच (डिमांड ड्राफ्टनेच) देऊ, याचे निवेदन

अर्ज परत येण्याची कारणे ठरलेली आहेत. बोललेला शब्द आणि मजकुरातला शब्द जुळत नाही, हे सगळ्यात जास्त. २० सेकंदांच्या जाहिरातीची १० सेकंदांची कापलेली प्रत ही वेगळी जाहिरात आहे. गोरमाटी (बंजारा बोली), उर्दू, तेलुगू आवाजातली प्रतही वेगळी. तिचा मूळ भाषेतला मजकूर आणि मराठी भाषांतर दोन्ही तयार ठेवा. जाती-धर्मावरून आवाहन, सैनिकांची छायाचित्रे, कोणावर नाव घेऊन टीका, न्यायालयाची अवहेलना यातले काही असेल तर प्रमाणपत्र विसरा. अर्जावर मतदारसंघाचे नाव आयोगाच्या यादीत आहे तसेच लिहा : जिल्ह्यांची नावे बदलली तरी औरंगाबाद पूर्व, उस्मानाबाद ही मतदारसंघांची नावे तशीच आहेत.

मतदारसंघ दोन-तीन जिल्ह्यांत पसरला असेल तर ज्या जिल्ह्यात निवडणूक निर्णय अधिकारी बसतात तिथे अर्ज द्या. जिल्हा माहिती कार्यालयातली माणसे निवडणुकीत फार ओढाताणीत असतात. संध्याकाळी सहाला धापा टाकत जाण्यापेक्षा सकाळी पूर्ण कागद घेऊन गेलात तर तीही नीट मदत करतात, हा माझा अनुभव आहे.

७. बुकिंग आणि पैसे

उमेदवाराचे निवडणुकीसाठीचे वेगळे बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असते. जाहिरातीचे सगळे पैसे त्यातूनच. एका माणसाला किंवा संस्थेला पूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांवर रोख देता येत नाही, आणि टीव्हीच्या जाहिरातीला तर रोख नकोच. केबलवाला बिल देत नाही म्हणाला तर दुसरा बघा. मागणीपत्रात वाहिनी, तारखा, वेळेचा पट्टा, सेकंद, दर, जीएसटी, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ‘न दाखवल्यास पैसे परत’ ही ओळ असू द्या. पडद्याच्या खालची पट्टी आणि सरकता मजकूर हीसुद्धा जाहिरातच आहे. त्यालाही प्रमाणपत्र लागते आणि त्याचा दर वेगळा असतो.

जाहिरातीसोबत ‘दोन मुलाखती आणि रोज एक बातमी’ असे देऊ केले तर नाही म्हणा. ती पेड न्यूज ठरते, समितीची नोटीस येते आणि खर्च उमेदवाराच्या नावावर चढतो. त्याहून मोठे कारण म्हणजे बातमी विकत घेतली की तालुक्यातल्या चांगल्या पत्रकाराचीही किंमत कमी होते, आणि उद्या आपल्या गावच्या पाण्याची बातमी त्यालाच करायची असते.

८. दाखवले की नाही, ते तपासा

वाहिनीकडून रोजची प्रसारणाची नोंद आणि शेवटी प्रसारणाचे प्रमाणपत्र मागा. केबलसाठी प्रत्येक मोठ्या गावात एका घराला विनंती करा : ठरलेल्या वेळी जाहिरात दिसली की मोबाईलवर घड्याळासह फोटो काढून पाठवायचा. तीन दिवसांत कुठे लागत नाही ते कळते आणि उरलेल्या दिवसांत तो पैसा दुसरीकडे वळवता येतो. म्हणूनच सगळा पैसा पहिल्या दिवशी बांधू नका. एक चतुर्थांश शेवटच्या पाच दिवसांसाठी मोकळा ठेवा.

खर्चाची नोंद त्याच रात्री करा. नोंदवहीचे तीन भाग असतात : पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात ती निदान तीनदा तपासली जाते आणि खर्च निरीक्षकांची माणसे समांतर नोंदवही ठेवतात. त्यांनी केबलवर १२ वेळा बघितलेली जाहिरात तुमच्याकडे ६ वेळा लिहिलेली असेल तर खुलासा करावा लागेल, तेव्हा दाखवल्याची नोंद आणि बिल एकत्र टाचून ठेवा.

निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, पडलेल्या उमेदवारानेसुद्धा. न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय रिकामे होते, टेबल-खुर्च्या मंडपवाला घेऊन जातो आणि बिलांची फाईल कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत राहते. ती फाईल मतमोजणीच्या आदल्या दिवशीच, सगळ्या धनादेशांच्या छायाप्रतींसह, निवडणूक प्रतिनिधीच्या ताब्यात देऊन पोच घ्या.